विवर्तनाच्या चित्रात स्पॉट शोधताना: एकच थ्रेशोल्ड का चालत नाही

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि डिटेक्टरवरच्या चित्रात ठिपके, म्हणजे स्पॉट, उमटतात. तुमचा प्रश्न असा की, १२० फोटॉन हा थ्रेशोल्ड (किमान मर्यादा) ठेवून त्याच्या वरचा प्रत्येक पिक्सेल स्पॉट धरला तर मध्यभागी खोट्या स्पॉटचा पाऊस पडतो आणि कडेचे खरे स्पॉट मात्र निसटतात. मग आकडा कितीवर ठेवायचा?

कितीवरही ठेवलात तरी हेच होणार. चित्राच्या मध्याशी, सरळ येणाऱ्या किरणांच्या झोताजवळ (बीमजवळ), पार्श्वभूमी समजा १०० फोटॉनची आहे. फोटॉनची मोजणी प्वासाँच्या नियमाने चालते, म्हणजे प्रसरण (व्हेरियन्स, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) सरासरीइतकंच असतं. त्यामुळे तिथे १००च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १०ची चढउतार ही नेहमीचीच, आणि १२० हा आकडा निव्वळ योगायोगानेही वारंवार येतो. कडेला पार्श्वभूमी १ फोटॉनची असेल, तर तिथे शेजारीशेजारी तीन-चार पिक्सेलांत ८-८ फोटॉन दिसणं ही ठळक खूण आहे. म्हणून प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशीच करायला हवी.

डायल्स (DIALS) या विवर्तनाची चित्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच केलं जातं. पिक्सेलभोवती ७×७ची खिडकी घेऊन तिच्यातल्या प्रसरणाला सरासरीने भागतात. नुसती पार्श्वभूमी असेल तर उत्तर १च्या आसपास येतं. ते बरंच वर गेलं तर खिडकीत काहीतरी आहे. मग तो पिक्सेल स्वतः सरासरीपेक्षा तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे प्रसरणाचं वर्गमूळ) वर आहे का, हे बघतात. इथे एक मेख आहे. भागाकार १ येतो तो फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरवर, म्हणजे पिलाटस किंवा आयगरवर. जुन्या सीसीडी डिटेक्टरवर तो गेनइतका, म्हणजे एका फोटॉनमागे जितके आकडे नोंदले जातात तितका, येतो. गेन खऱ्यापेक्षा फार कमी दिलात तर सगळी पार्श्वभूमीच स्पॉट म्हणून उभी राहील.

तीन सिग्मा ऐकायला कडक वाटतं, पण पिलाटस ६एममध्ये ६० लाखांहून जास्त पिक्सेल आहेत. केवळ योगायोगाने त्यांतले ८ हजारांच्या आसपास ही रेषा ओलांडतील. म्हणून सुटा पिक्सेल कधीच स्पॉट धरू नका. निदान तीन तरी एकमेकांना चिकटलेले हवेत. प्रत्येक चित्रामागे स्फटिक फिरवण्याचा कोन बारीक असेल, समजा ०.१ अंश, तर एकच स्पॉट लागोपाठच्या चित्रांत पसरतो, तेव्हा चिकटलेले पिक्सेल जोडताना लागोपाठची चित्रंही धरा, म्हणजे जोडणी त्रिमितीत करा.

आयगरचे पिक्सेल ७५ मायक्रॉनचे, पिलाटसचे १७२चे. त्यामुळे आयगरवर मोठा स्पॉट खिडकी भरून टाकतो, आतला भाग सपाट दिसतो आणि स्पॉटला मधोमध भोक पडतं. असं दिसलं तर खिडकी मोठी करा.

मास्कबद्दल, म्हणजे कोणते पिक्सेल वगळायचे त्या यादीबद्दल, मी कळकळीने सांगतो, कारण माझा जवळजवळ एक आठवडा यात गेला. माझ्या फाइलमध्ये डिटेक्टरच्या मॉड्यूलांमधल्या (तुकड्यांमधल्या) फटींत ६५५३५ भरलेले होते आणि माझा कोड तेही सरासरीत धरत होता. शेवटी सगळे स्पॉट चित्रावर काढून पाहिले, तेव्हा फटींच्या दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे दिसले. खराब पिक्सेल नुसते निकालातून वगळून भागत नाही, ते खिडकीच्या हिशोबातूनही वगळावे लागतात. बीमस्टॉपच्या, म्हणजे सरळ येणारा झोत अडवणाऱ्या तुकड्याच्या, सावलीलाही हेच लागू.

गोठवलेल्या नमुन्यातल्या बर्फामुळे चित्रात वलयं आली असतील तर थ्रेशोल्ड वाढवू नका, त्यात चांगले स्पॉटही जातात. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या आजूबाजूच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या वगळा.

कडेचे काही स्पॉट एवढं करूनही सुटतील, आणि त्याची काळजी मी करणार नाही. या टप्प्याचं काम इंडेक्सिंगला, म्हणजे स्पॉटवरून स्फटिकाची जाळी ओळखण्याच्या पुढच्या टप्प्याला, भरवशाचे स्पॉट पुरवण्याचं आहे, सगळे गोळा करण्याचं नाही. एकदा सेल (जाळीचा पुन्हापुन्हा येणारा एकक) आणि स्फटिकाची दिशा कळली की स्पॉट कुठे पडायला हवेत ते गणिताने काढता येतं, आणि तीव्रता त्या जागी मोजली जाते, मग तिथे डोळ्यांना काही दिसो न दिसो. खोटे स्पॉट मात्र इंडेक्सिंगला भलत्याच जाळीकडे ओढू शकतात.

आता आधी प्रत्येक चित्रात किती स्पॉट सापडले याचा आलेख काढा. तो सावकाश वरखाली होत असेल तर ठीक. एखाद्याच चित्रात एकदम उसळला असेल, तर ते चित्र उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच सेटिंगला हात लावा.