उरलेल्यांच्या मनोधैर्याचे काय?

प्रश्न : हिंजवडीतील एका अमेरिकी कंपनीच्या केंद्रात मी टीम लीड आहे. दोन वर्षांत कपातीच्या तीन फेऱ्या झाल्या, धोरणही दोनदा बदलले आणि आम्ही खपून उभे केलेले उत्पादन एका ईमेलने बंद झाले. आता बैठकीत कोणी तोंड उघडत नाही, आपले काम दुसऱ्याला शिकवत नाही. ‘पुढचा नंबर आमचा का?’ असे कोणी विचारले, की ‘काळजी करू नका’ म्हणून मी वेळ मारून नेतो. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सहकाऱ्यांच्या या वागण्याला कृपया कामचुकारपणा समजू नका. एखादे काम आपल्या एकट्यालाच येत असेल तर आपल्याला हात लागणार नाही, असा हिशेब भेदरलेला माणूस करतो आणि माहिती स्वतःपाशी ठेवतो. आक्षेप घेतला तर आपले नाव यादीत जाईल, या धास्तीने तो गप्प बसतो. त्याच्यापुरते हे शहाणपणच आहे. मात्र त्यामुळे चूक दिसत असूनही वेळेवर सांगितली जात नाही आणि नुकसान साऱ्या टीमचे होते.

एखादी कपात माणसे पचवतात, विशेषतः तिचे कारण पटले तर. कपातीमागून कपात येते आणि प्रत्येक वेळी कारण वेगळे सांगितले जाते, तेव्हा मात्र विश्वास बसायला जागाच उरत नाही. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल या अमेरिकी कंपनीचे उदाहरण पाहा. 2016 मध्ये तेथे 12,000 पदे कमी करण्याचे जाहीर झाले. 2021 मध्ये तेव्हाचे सीईओ पॅट गेलसिंगर यांनी इतर कंपन्यांसाठीही चिप बनवण्याचे महत्त्वाकांक्षी धोरण आणले आणि पुढच्या वर्षी जर्मनीतील माग्देबुर्ग येथे मोठा कारखाना उभारण्याची घोषणा झाली. ऑगस्ट 2024 मध्ये सुमारे 15,000 जणांची कपात जाहीर झाली, डिसेंबरमध्ये गेलसिंगर पायउतार झाले, आणि नंतरचे सीईओ लिप-बू टॅन यांच्या कारकिर्दीत, जुलै 2025 मध्ये, आणखी मोठ्या कपातीबरोबरच माग्देबुर्गची योजनाही गुंडाळण्यात आली. याच काळात खर्च वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यांची मोफत कॉफी बंद झाली होती. ती नोव्हेंबर 2024 मध्ये, मनोधैर्याचाच विचार करून, पुन्हा सुरू करावी लागली. कॉफी परत आली हे चांगलेच झाले, पण आज हाती घेतलेले काम वर्षभराने कोणाला हवे असेल का, या प्रश्नाचे उत्तर कॉफीत नसते.

कपातीचा हिशेब मांडणारे एक गोष्ट विसरतात. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या संशोधकांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मनुष्यबळात 1 टक्का कपात झाली तरी त्यानंतर स्वेच्छेने नोकरी सोडण्याचे प्रमाण सरासरी 31 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आधी जातात ते बहुधा ज्यांना बाहेर सहज काम मिळते तेच. कपातीची पद्धत न्याय्य असल्याची खात्री देणाऱ्या व्यवस्था जेथे होत्या, तेथे ही गळती कमी होती, असेही त्याच अभ्यासात आढळले, आणि तुमच्यासाठी मला तोच धागा महत्त्वाचा वाटतो.

म्हणून ‘काळजी करू नका’ हे वाक्य आजपासून बंद करा. ते एकदा खोटे ठरले, की तुमच्या खऱ्या शब्दालाही मोल राहत नाही. त्याऐवजी तुम्हाला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि काय सांगण्याची मुभा नाही, हे तिन्ही स्पष्ट सांगा. वर्षभराची स्वप्ने दाखवण्यापेक्षा सहा आठवड्यांत पूर्ण होईल असे काम ठरवा, म्हणजे धोरण पुन्हा फिरले तरी केलेले हाती राहील. गेलेल्यांची नावे टाळू नका. त्यांचे काम कोणावर पडले आहे ते मोजा आणि त्यातले काय सोडून द्यायचे, हे वरिष्ठांकडून लेखी घ्या. तिघांचे काम एकाने निमूट ओढावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. बैठकीत चूक दाखवणाऱ्याचे सर्वांसमोर आभार माना आणि अप्रेझलमध्येही त्याची नोंद करा.

आणखी एक सांगणे टीमला आणि तुम्हालाही लागू आहे. कपातीऐवजी ‘स्वतःहून’ राजीनामा देण्याचा आग्रह एचआरने धरला, तर त्याच बैठकीत सही करू नका. कायद्याने ‘कामगार’ ठरणाऱ्याला कपातीत मिळणाऱ्या भरपाईवर राजीनाम्यामुळे पाणी सोडावे लागू शकते, आणि कोण कामगार ठरतो हे पदनामावर नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. तेव्हा कागद हाती घ्या, मुदत मागा आणि आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.