सगळ्यात मागे चालणाऱ्याचा गड

पुणे, शुक्रवार रात्र

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. ऑफिसातले आठ जण, त्यातले पाच पर्वतीपलीकडे कधी काही न चढलेले, डिसेंबरातला शनिवार, आणि ठरलाय राजगड. "मावशी, बरोबर काय काय घ्यायचं?" असं विचारलंयस. सामानाचं सांगतेच. पण आधी गड बदल.

राजगडावर माझा जीव आहे. महाराजांची राजधानी तिथे पंचवीसएक वर्षं होती आणि पद्मावती माचीवर पाऊल टाकलं की अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो. पण गुंजवणे गावातून चोर दरवाजाने जाताना शेवटी रेलिंग धरून कातळ चढायचा असतो, आणि तोच कातळ संध्याकाळी दमल्या पायांनी उतरायचा असतो. मी पहिल्यांदा लीड केलं तेव्हा तेवीस वर्षांची होते. नऊ जणांना घेऊन याच वाटेने गेले. चढताना सगळे गात होते. माचीवरून उतरायला लागलो तेव्हाच साडेचार वाजून गेले होते, आणि अर्ध्या वाटेत एका मैत्रिणीचा गुडघा धरला. नऊ जणांत टॉर्च एकच. गावात पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. एका घरच्या माउलीने तेवढ्या रात्री चूल पेटवली आणि आम्हाला ओसरीवर झोपायला जागा दिली. कुणाला मोठी दुखापत झाली नाही, पण ती मैत्रीण पुन्हा कधी गडावर आली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिला डोंगर फार आवडला असता.

तेव्हापासून गड ठरवण्याआधी मी एकच विचारते: सगळ्यात मागे कोण चालणार आहे? ट्रेक त्याच्या पायांनी आखायचा. पुढे पळणारे दोघे कुठल्याही गडावर खूश असतात, त्यांची काळजी नको.

तो मागचा माणूस कोण, हे व्हॉट्सअ‍ॅपवर कळत नाही. तिथे सगळेच "मी फिट आहे" म्हणतात. म्हणून मधल्या दोन-तीन रविवारी सगळ्यांना वेताळ टेकडीवर ने. जे बूट घालून ट्रेकला येणार तेच घालायचे, सॅकमध्ये दोन लिटर पाणी ठेवायचं आणि न थांबता दीड-दोन तास चालायचं. कोण धापा टाकतं, कुणाचा बूट चावतो, कोण उतरताना बिचकतं, सगळं तिथे दिसतं. टेकडीवरून घर अर्ध्या तासावर असतं, त्यामुळे तिथे झालेली चूक निभावते.

गड म्हणशील तर लोहगड. तुंग, तिकोना, कोरीगड सगळे सुंदर आहेत, पण तिथे जायला आठ जणांसाठी गाडी बघावी लागते. लोहगडाला लोकल पुरते. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे गावात जायचं, तिथून गायमुख खिंडीत चढायचं. खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. उजवीकडे लोहगडवाडी लागते आणि तिथून गडाच्या पायऱ्या सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक वळणं घेत लागतात, आणि ती वळणं वरून पाहिली की शत्रूला इथे कसं कोंडीत पकडत असतील ते न सांगता समजतं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे १२ किल्ले निवडले त्यात लोहगड आहे. पहिलाच गड इतका मानाचा मिळतोय, हे तुझ्या मंडळींना लोकलमध्येच सांग. पायऱ्या असल्या तरी त्याला कमी लेखू नका. उंची सुमारे ३,४०० फूट आहे, आणि स्टेशनपासून सगळं अंतर आपल्याच पायांनी कापायचं आहे.

आता आखणी. ती परतीपासून मागे करायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाचला मळवली स्टेशनावर असायचं. म्हणजे अडीचला लोहगडवाडी सोडायची. त्याआधी तासभर जेवण, म्हणजे दीडला वाडीत. म्हणजे साडेबाराला महादरवाजातून खाली निघायचं. हा आकडा सगळ्यांना आदल्या दिवशीच सांग. साडेबाराला जो जिथे असेल तिथून मागे फिरेल, माथ्यावरची विंचूकाटा नावाची सोंड बघायची राहिली तरी. सकाळी साडेसहाच्या आसपासची लोकल धरलीस तर पावणेआठपर्यंत मळवली, नवख्यांना घेऊन सव्वादहापर्यंत वाडी आणि अकरा-सव्वाअकराला गडमाथा. तरी सव्वा तास वर मिळतो. दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेव. वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा बघ, ते बदलतं.

जाताना भाजे लेण्यांकडे वळायचा मोह होईल. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी आहेत, चैत्यगृहाच्या छताला खऱ्या लाकडी कमानी आहेत. पण ती घाईत बघण्याची जागा नाही, आणि तिथल्या पायऱ्या चढून तुमचे पाय सकाळीच दमतील. लेण्यांसाठी दुसरा दिवस ठेवा. मी तरी तसंच करते.

माथ्यावर विंचूकाटा म्हणजे गडाची लांबलचक निमुळती सोंड. तिकडे जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो आणि वारा जोरात असतो. ज्याला जायचं नाही त्याला आग्रह करू नकोस आणि एकटंही सोडू नकोस. एक जण त्याच्याबरोबर टाक्यापाशी बसेल. नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी टाकं तिथे आहे, बसून बघण्यासारखं.

चालताना सगळ्यात मागे तू राहा किंवा तुझ्याइतकाच जाणता कुणीतरी. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबायचं, आणि मागचा येऊन पोचला की लगेच निघायचं नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पुढचे दहा मिनिटं बसून ताजे होतात आणि मागचा पोचताक्षणी उठतात. त्या बिचाऱ्याला विश्रांती कधीच मिळत नाही. तो पाणी प्यायला, त्याचा श्वास बसला, की मग उठा.

सामान थोडंच. माणशी तीन लिटर पाणी. वर टाकी आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. एका लिटरच्या बाटलीत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून. चमचा चहाचा घ्यायचा, आणि मीठ त्याहून जास्त नको. दशम्या, गूळ, खजूर, चिक्की. प्रत्येकाकडे टॉर्च, मोबाइलचा सोडून. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, ज्याची त्याची औषधं. बूट नवे कोरे नकोत. आदल्या दिवशी पायांची नखं कापायला सांग, कारण उतरताना बोटं पुढे आदळतात. उतरायला लागण्याआधी नाड्या घट्ट करायच्या, पावलं लहान टाकायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. घसाऱ्यावर तर घाई नकोच. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, हेही आधीच सांग, नाहीतर सोमवारी घाबरतील.

बरोबर मुली आहेत म्हणून हेही लिहिते. पाणी कमी प्यायचं नाही. जायचं कुठे या संकोचापायी आपण घोट घोट पितो आणि मग दुपारी डोकं धरतं. वाडीत ज्यांच्याकडे जेवण सांगशील त्यांच्याकडे शौचालयाची सोय आहे का ते फोनवरच विचार. पाळीची तारीख असेल तर पॅड, जुने कागद आणि झिपची पिशवी सॅकमध्ये ठेवायची, आणि वापरलेलं सगळं परत घरी आणायचं.

सेंट, अत्तर, स्पीकर, सिगारेट यातलं काही नको. कड्यांना आग्या मोहोळ असतात, आणि त्या माश्या उठल्या तर पळायला जागा नसते. पायऱ्यांवर हात टेकण्याआधी तिथे बघा, दगडाच्या सांदीत फुरसं असू शकतं. कुणाला साप चावलाच तर कापणं, चोखणं, बांधणं काही करायचं नाही. त्याला बसवा, हातपाय हलवू देऊ नका, ११२ ला फोन करा आणि त्याला उचलून खाली आणून दवाखान्यात न्या. वाडीतली माणसं अशा वेळी धावून येतात. म्हणूनही जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, डबे इथून न्यायचे नाहीत. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. किती जण ते दोन दिवस आधी कळव, आणि एखादा गळला तरी पैसे आठांचे दे.

राजगड कुठे जात नाही. लोहगड उतरल्यावर जो सगळ्यात मागे होता तोच "पुढचा कधी?" असं विचारेल, तेव्हा मला सांग. राजगडाला पाली दरवाजाच्या वाटेने मीही येईन.

आठही जणांची नावं, घरचे नंबर आणि परतीच्या दोन लोकलच्या वेळा मला शुक्रवारी पाठव. मळवलीला गाडीत बसलात की फोन कर. सातपर्यंत आला नाही तर मी आधी तुला लावीन, मग वाडीतल्या जेवणवाल्यांना. त्यांचाही नंबर यादीत लिही.

तुझी,
मावशी