वाचकांचे प्रश्न : बादलीतल्या अळ्या, आरओचं वाया जाणारं पाणी आणि दुधाच्या पिशव्या

गॅलरीत प्लॅस्टिकच्या बादलीत खत करायला घेतलं आहे. रोज भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेला आमटी-भात टाकते आणि वरून ताक शिंपडते. तीन आठवड्यांत सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि करड्या अळ्या दिसायला लागल्या. सासूबाई म्हणतात, हे थेर आता बंद कर. काय चुकलं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

तुमच्या यादीत सगळं ओलंच आहे, सुक्याचं नावही नाही. भाजीच्या सालींत ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कुजताना ते सुटतं, तळाशी साचतं आणि हवेच्या जागा भरून टाकतं. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचाच. त्यात रोज ताक म्हणजे आणखी पाणी. ताकाचं काम विरजणाचं आहे. सुरुवातीला अर्धी वाटी आंबट ताक पुरतं, नंतर लागत नाही.

आत्ता करायचं ते असं. बादली जुन्या वर्तमानपत्रांवर उपडी करा आणि माल तासभर पसरून ठेवा. तेवढ्यानेच वास निम्म्यावर येतो. मग त्यात जवळजवळ तेवढाच चुरलेला पालापाचोळा मिसळा. मूठभर माल घट्ट पिळून पाहा. तळहात ओलसर झाला पण थेंब गळला नाही, तर ओल बरोबर. थेंब गळले तर आणखी पाला घाला. पिळल्यावर मूठ उघडताच सगळं भुरभुर सुटलं तर कोरडं पडलंय, थोडं पाणी शिंपडा. बादलीत मुंग्या झाल्या तर समजायचं की माल कोरडा पडला आहे.

बादलीला भोकं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तळाला सात-आठ आणि चारी बाजूंनी तळापासून काठापर्यंत भोकं हवीत. आतून मच्छरदाणीचं कापड लावलं की माशा शिरत नाहीत. बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताट ठेवा. तळाशी चार बोटं जाडीचा सुका थर द्या. त्यानंतर रोज एक वाटी ओल्यावर एक ते दीड वाटी सुकं. हे मापाने, वजनाने नाही. सगळ्यात वर नेहमी सुकंच दिसलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवा.

सुकं म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सर्रास वापरतात. ते पाणी छान शोषतं, पण बारीक असल्यामुळे नुसतं वापरलं तर दबून घट्ट होतं आणि हवा पुन्हा बंद. निम्मं कोकोपीट, निम्मा पाला हे मिश्रण चांगलं. कोकोपीटची वीट पाण्यात फुलवून तशीच ओली वापरणारे बरेच असतात. फुलवलीत तर उन्हात वाळवून मग वापरा. पाला मात्र फुकट मिळतो, फक्त वेळ साधावी लागते. फाल्गुन-चैत्रात झाडं पानं गाळतात तेव्हा सोसायटीच्या झाडूवाल्यांकडून दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवली, की पावसाळा निघतो. आषाढात कोरडं पान शोधून सापडत नाही, आणि बादल्या नेमक्या तेव्हाच बिघडतात. शिवाय पोत्यात गेलेला पाला जाळला जात नाही, हा फायदा वेगळाच.

आता अळ्या. करड्या, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. पण सासूबाईंना हे पटवत बसण्यापेक्षा ओल कमी करा आणि शिजवलेलं अन्न दोन आठवडे थांबवा, संख्या आपोआप घटेल. कीटकनाशक मुळीच मारू नका, त्याने खत करणारे जीवही मरतात. पांढरी बुरशी दिसली तर ते चांगलं लक्षण आहे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालं, पुन्हा पालाच घाला.

उरलेली आमटी थेट ओतू नये. मीठ आणि तेल दोन्ही नकोत. गाळून, एकदा धुऊन चोथा टाकला तर चालतो. आंब्याची कोय, नारळाची करवंटी, मक्याचं कणीस वर्षभर तसंच राहतं, ते बाजूला काढा. लिंबाच्या साली बारीक चिरून थोड्या चालतात. टी-बॅग बघून टाका, पुष्कळशा जाळीदार बॅगा प्लॅस्टिकच्या असतात.

चार जणांच्या घरात दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पन्नास लिटरची बादली साधारण महिना-सव्वा महिन्यात भरते. ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. म्हणून दोन बादल्या लागतातच, एकीवर कुणाचं भागत नाही. भरलेलीतलं खत आणखी दीड-दोन महिन्यांनी तयार होतं. तयार झालं की नाही हे पाहायला मूठभर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर कच्चं. कच्चं खत कुंडीत घातलं की ते मातीतलंच नत्र ओढतं आणि रोपाची पानं पिवळी पडतात. मग लोक म्हणतात, घरचं खत झाडांना सोसत नाही.

नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९० दाखवतो. तरी विक्रेत्याने घरी येऊन एक यंत्र पाण्यात बुडवलं, पाणी तांबडं-काळं झालं आणि आरओच्या (दाबाने पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात काहीच झालं नाही. आता आरओ घ्यावा का? शेजारी म्हणतात, त्यात पाणी फार वाया जातं.
– वाचक, डोंबिवली

त्या यंत्रात लोखंडाचा दांडा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, दांडा झिजतो आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तांबडा रंग दांड्याचा असतो, तुमच्या पाण्याचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घालावी, असे निर्देश केंद्राला दिले होते. तुमच्या ९० ला आरओची गरज नाही. मात्र टीडीएसचा आकडा जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी गाळणी, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) असलेला शुद्धीकारक घ्या किंवा पाणी उकळा. या दोन्हींत पाणी वाया जात नाही.

ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांना आरओ लागतो. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. पिण्या-स्वयंपाकाला रोज १२ लिटर धरलं तर ३६ लिटर मोरीत, महिन्याला हजाराच्या वर. ते किती खारट असतं याचा हिशोब सोपा आहे : चारातले तीन भाग पाणी बाहेर पडतं आणि जवळजवळ सगळे क्षार त्याच्यासोबत जातात. आत ९०० असेल तर बाहेर साधारण १२००. नळी वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडा आणि ते पाणी संडासात, मोरी धुवायला, फरशीच्या पहिल्या पुसण्याला वापरा. शेवटचं पुसणं साध्या पाण्याने, नाहीतर काळ्या फरशीवर पांढरे डाग राहतात. कपड्यांच्या मशीनला ते नको, साबणाला फेस येत नाही. कुंड्यांनाही रोज नको. मातीत क्षार साठून पानांची टोकं करपतात आणि मग दोष खताला दिला जातो.

यंत्रवाल्याला सांगून वाया जाणारी धार बारीक करून घेऊ नका. पाणी वाचल्यासारखं दिसतं, पण पडद्यावर क्षारांचा थर बसतो आणि पडदा लवकर बदलावा लागतो.

दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या. भंगारवाला नेमकं काय घेतो?
– वाचक, सातारा

दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते आणि तिला भाव मिळतो. अट एकच, ती स्वच्छ आणि कोरडी हवी. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवीत थोडं पाणी घालून हलवा आणि ते चहात किंवा कणकेत वापरा. मग पिशवी उलटी करून दोरीवर वाळवा. न धुता साठवल्या तर चार दिवसांत वास येतो आणि सगळा गठ्ठा घंटागाडीत जातो.

वेफर्सच्या आतून चंदेरी पाकिटात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे काढणं परवडत नाही. म्हणून भंगारवाला ते घेत नाही. कमी आणणं एवढंच हातात आहे.

‘कंपोस्टेबल’ पिशव्या मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. घरच्या बादलीत ती उष्णता येत नाही, पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. भंगारात गेली तर चांगलं प्लॅस्टिकही बिघडवते. कापडी पिशवी गाडीच्या डिकीत कायमची ठेवली, तर हा प्रश्नच येत नाही.

उन्हाळ्यात विजेचं बिल पेलवत नाही. एसी घ्यावा की कुलरच बरा? आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे खरंच कमी वीज खातात का?
– वाचक, नागपूर

नागपुरात राहून कुलर सोडू नका. तो बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे विदर्भातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कुलर नुसती ओल वाढवतो. कुलर १५० ते २०० वॅट घेतो, दीड टनाचा एसी चालू असताना त्याच्या सात-आठ पट. कुलर खिडकीबाहेर ठेवून समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. सगळं बंद केलं की हवा दमट होते आणि गारवा येईनासा होतो. पाऊस सुरू झाला की कुलर थकतो, तेव्हा एसी लागला तर २४ अंशांच्या खाली नेऊ नका. दर अंशाला सुमारे सहा टक्के वीज जास्त जाते.

बीएलडीसी पंखा पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७५. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. तुमच्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दराने गुणा म्हणजे पंख्याची किंमत कधी वसूल होते ते कळेल. दिवसातून तासभर फिरणारा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र बदलू नका, जुना मोडेपर्यंत चालू द्या. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहा-पंधरा वॅट घेतच राहतो, रात्री भिंतीवरचं बटण बंद करा.

संत्र्याच्या सालींचं बायो-एन्झाइम (साली गुळात आंबवून केलेलं सफाईचं पाणी) केलं, बाटली फुटली.
– वाचक, अमरावती

एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, हे प्रमाण बरोबर असलं तरी पहिला महिनाभर वायू सुटतो. काचेची बाटली नको. प्लॅस्टिकची घ्या, वरचा पाव भाग रिकामा ठेवा आणि रोज झाकण क्षणभर सैल करा. तीन महिन्यांनी गाळा. ते आम्लधर्मी असतं. संडास आणि सिंकसाठी चांगलं, पण संगमरवरावर आणि कडाप्प्यावर टाकू नका, चकाकी जाते. नद्या त्याने स्वच्छ होतात असे दावे फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका.

शाडूची म्हणून गणपतीची मूर्ती आणली, बादलीत तीन दिवस ठेवली तरी विरघळली नाही.
– वाचक, ठाणे

बहुधा ती प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे. शाडूची मूर्ती पाण्यात रात्रभरात विरघळते. पुढच्या वेळी आणतानाच तळाचा न रंगवलेला भाग पाहा : तिथे पाण्याचं बोट फिरवलं की शाडू मऊ होऊन बोटाला लागते, प्लास्टर कडकच राहतं. शिवाय शाडू हाताला चांगली जड लागते.

आताच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत वापरा. मूर्तीच्या वजनाइतकी पूड घ्या आणि मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात विरघळवा. प्लॅस्टिकचीच बादली घ्या, तांब्या-पितळेची नको, अमोनियाने ती खराब होते. बादली गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत ठेवा, वास तीव्र असतो. दर दोन-तीन तासांनी हलवत राहिलात तर दोनेक दिवसांत काम होतं. नवसागर घालून चालणार नाही, ते वेगळं रसायन आहे. तळाशी खडू बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खतच. ते दहा-वीस पट पातळ करून शोभेच्या झाडांना घाला. मूर्तीच्या रंगात काय होतं ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीला नको.