वाचकांचे प्रश्न : डिझेल पिकअपच्या इंजिनाची दुखणी

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मुंबईत डिझेल पिकअपवर पोट असलेल्या वाचकांची आहेत. दुखणे नेमके कोठे आहे हे पाहण्याआधीच महागडा भाग बदलायला सांगितले जाते, ही तक्रार त्यांत वारंवार दिसते. म्हणून पुढील उत्तरांत शक्य तेथे कमी खर्चाची तपासणी आधी सांगितली आहे.

प्रश्न : मी पहाटे ससून डॉकवर मासळी भरतो आणि क्रॉफर्ड मार्केट, भायखळा अशा फेऱ्या करतो. दिवसाला चाळीस किलोमीटरही होत नाहीत. गाडी 2021 सालची, बीएस 6 (प्रदूषण मानक) आहे. चार महिन्यांत डीपीएफचा (धुरातील काजळी अडवणाऱ्या जाळीचा) दिवा तीनदा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. डीपीएफ कापून टाकावा, असे एका गॅरेजमध्ये सांगितले. काय करावे? (मासळी वाहतूकदार, कुलाबा)

उत्तर : कृपया कापू नका. आपल्या गाडीतील डीपीएफ बिघडलेला असेलच असे नाही. त्याला स्वतःची सफाई करण्याची संधी मिळत नाही, ही शक्यता अधिक आहे. सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली ही जाळी धुरातील काजळी अडवते आणि ठरावीक प्रमाणात काजळी साठली की इंजिन थोडे जादा डिझेल सोडून जाळीचे तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत नेते व ती काजळी जाळून टाकते. या कामाला सलग चालणारी गाडी लागते. आपली गाडी दहा मिनिटे चालते, मग माल उतरेपर्यंत उभी राहते, आणि बऱ्याचदा उभ्या गाडीचे इंजिनही चालूच असते; त्यामुळे सफाई सुरू होते आणि अर्ध्यावर तुटते.

नुसता दिवा लागला असेल, तर रात्री रस्ता मोकळा असताना सायनहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्यापर्यंत गाडी न थांबवता न्या. वेगमर्यादा पाळून एक गिअर खालचा ठेवला, तर इंजिनाचे फेरे 2000च्या वर राहतात. वीस-पंचवीस मिनिटांत बहुतेक वेळा दिवा जातो. त्यानंतर लगेच गोणपाट, पुठ्ठा किंवा सुक्या गवताजवळ गाडी उभी करू नका, कारण तो भाग फार तापलेला असतो. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला असेल, तर मात्र हा प्रयोग न करता स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातील दोष वाचणारे यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्ये सफाई करून घ्या. तेथे जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक रबरी नळ्या आधी पाहायला सांगा. नळी चिरलेली किंवा तुंबलेली असली, तर जाळी ठीक असूनही दिवा लागतो, आणि नळी बदलणे अगदी किरकोळ काम आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. सफाई वारंवार अर्धवट राहिली की जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, थंड इंजिनावर ऑइल मोजण्याची गेज पट्टी पाहा. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग टिकत नाहीत. नवे ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घाला. जुन्या इंजिनांसाठीच्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही.

डीपीएफ काढणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार गाडीत केलेला बेकायदा बदल ठरतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच डिझेलचा धूर मानवाला कर्करोगकारक ठरवला आहे. आपली गाडी धक्क्यावर मागे घेतली जाते, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी पाट्या उचलणाऱ्या बायका आणि हमाल उभे असतात, याचाही विचार आपण करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहावा का? (फुलांचे व्यापारी, दादर)

उत्तर : अजिबात नाही, एकदाही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. डिझेल इंजिन हवेला मूळच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबते. तेवढ्या जागेत पाणी आले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, गाडी ओढून न्या आणि एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल आणि ऑइल दुधाळ झाले नसेल, तर पाणी इंजिनात न शिरण्याची चांगली शक्यता आहे. फिल्टर ओला असेल, तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारा भाग) काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे लागते आणि ऑइल बदलावे लागते. पाण्यात बंद पडल्यानंतर सेल्फ मारून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा नाकारले जाते, म्हणून गाडी हलवण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा.

प्रश्न : गाडी अर्ध्या तासाने धक्के देते, कधी बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. डिझेल पंप बदलावा लागेल, असे सांगण्यात आले आहे. (भाजी वाहतूकदार, वाशी)

उत्तर : पंपाचा निर्णय दोन दिवस पुढे ढकला. डिझेल फिल्टरच्या तळाचा पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून पहिले कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळा थर दिसेल. पावसाळ्यात टाकी बराच काळ अर्धी रिकामी राहिली किंवा झाकणाचे रबर झिजले, तर पाणी जमते. आधुनिक इंजिनात इंजेक्टरकडे 1600 बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने डिझेल जाते आणि त्याच डिझेलने आतल्या भागांना वंगण मिळते. पाणी आले की तेथे गंज आणि झीज सुरू होते. म्हणून फिल्टर बदला, टाकी रिकामी करून धुवा, झाकणाचे रबर नवे बसवा.

पाणी न निघाल्यास डिझेलच्या पाइपात हवा शिरल्याचा संशय घ्या. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप कोठे चिरला आहे का, क्लिप ढिल्या आहेत का, हे पाहा आणि थोडा भाग पारदर्शक पाइपचा जोडून बुडबुडे येतात का ते तपासा. फिल्टरवरील हँड पंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढता येते. मात्र जुन्या इंजिनांवर इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढण्याची जी सवय मेकॅनिक मंडळींना आहे, ती कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारे) इंजिन चालू असताना जिवावर बेतू शकते; त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. एवढे पाहूनही दोष राहिला, तर स्कॅनरवर रेलचा दाब बघून मगच पंपाविषयी ठरवा.

प्रश्न : भिवंडीहून नाशिकला माल नेताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो. शहरात मात्र काही त्रास नाही. (गोदाम चालक, भिवंडी)

उत्तर : शहरात त्रास नाही, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरत असावा, पण चढणीवर उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. रेडिएटरच्या पात्यांत चिखल बसला आहे का ते पाहून इंजिनाच्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, पंख्याचा पट्टा आणि कपलिंग तपासा, आणि कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरत असाल तर ते थांबवा. त्याचा क्षार आत थर धरतो. परवान्यापेक्षा जास्त माल भरत असाल, तर तेही कारण धरा. घाटात काटा चढला तर बाजूला थांबून इंजिन हलके चालू ठेवा. काटा उतरत नसेल किंवा कूलंट गळत असेल, तर लगेच बंद करा. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका.