चप्पल फाडणारा पॉइंटर

प्रश्न : आमचा पॉइंटर जातीचा कुत्रा दीड वर्षाचा आहे. रोज सकाळी रंकाळ्यावर २० मिनिटं फिरवतो, तरी घरात धुडगूस घालतो. कोल्हापुरीचे दोन जोड फाडले. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : २० मिनिटांत त्याचं अंगही तापत नाही! ही शिकारी जात, दिवसभर रान तुडवण्यासाठी जोपासलेली. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास हवेत; त्यातला निम्मा वेळ मोकळ्या माळावर, १० मीटरच्या दोरीवर पळू द्या. दोरी गळपट्ट्याला नको, छातीपट्ट्याला बांधा; झटक्यानं मान दुखावते.

नुसतं पळवून मात्र भागत नाही. दम वाढतो, तशी मागणीही वाढते. नाकाला काम द्या : त्याच्या जेवणातलेच मूठभर दाणे गवतात, पोत्याखाली लपवा आणि शोधायला लावा. पंधरा मिनिटं हुंगून कुत्रा असा दमतो, की गपगार पसरतो.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी. पालथा हात डांबरावर ७ सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही भाजणारच. जेवणाआधी-नंतर तासभर दौड नको. खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडतो आणि जिवावर बेततं. आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा. गोचीड, कुसळं तिथंच लपतात.

आणि चपला कपाटात ठेवा. कमावलेलं चामडं त्याला खाऊच वाटतं.