रॉकेल प्यायलेल्या मुलाचं पोट धुतलं नाही, हा हलगर्जीपणा नाही का?

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांचा भाचा पाणी समजून बाटलीतलं रॉकेल प्यायला. दवाखान्यात ना पोट धुतलं, ना अँटिबायोटिक दिलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून सहा तास बसवून ठेवलं, छातीचा फोटो काढला आणि घरी पाठवलं. याबद्दल तक्रार करावी का?

तक्रारीचं नंतर बघू. आधी पोट धुण्याचं, कारण कॅज्युअल्टीत नातेवाइकांशी सगळ्यात जास्त वाजतं ते याच विषयावर. नातेवाइकांचं एक वेळ समजू शकतो. पण "पोट धुवायची नळी टाकून घ्या, लोकांना काहीतरी केल्यासारखं वाटतं" असं सांगणारे डॉक्टर अजून आहेत, आणि राग आहे तो त्यांच्यावर.

रॉकेल पोटात फारसा उत्पात करत नाही. आतड्यातून रक्तात ते थोडंच शोषलं जातं. मळमळ, एखादा जुलाब, ढेकरेला वास, एवढ्यावर बहुतेक मुलांचं भागतं. जीव घेतं ते फुफ्फुसात उतरलेलं रॉकेल. ते पाण्यापेक्षा सहज पसरतं, घशाच्या मागच्या भिंतीवरून सरकत श्वासनलिकेत शिरतं, आणि तिथे १ मिलीपेक्षा कमी असलं तरी पुरतं. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या राहतात त्या सर्फॅक्टंट नावाच्या थरामुळे. रॉकेल तो थर नासवतं, पिशव्या मिटतात, आणि रक्त त्यांच्यावरून ऑक्सिजन न घेताच पुढे जातं.

आता उलटी करवली म्हणजे काय केलं? पोटात निमूट पडलेलं रॉकेल पुन्हा त्याच घशातून वर आणलं. नळीचंही तेच. नळी घशाला लागली की मूल ओकतं, आणि अन्ननलिकेच्या खालचं जे तोंड मिटून राहायला हवं ते नळीमुळे उघडं राहतं. चमचाभर रॉकेल बाहेर काढायच्या नादात चार थेंब फुफ्फुसात ढकलले जातात. विष शोषून घेणारी कोळशाची पूडही देत नाहीत: रॉकेल तिला नीट चिकटत नाही, वर पोट फुगून मूल ओकतं ते वेगळं.

अशा मुलाचे पहिले काही तास कसे जातात ते सांगतो, म्हणजे "नुसतं बसवून ठेवलं" याचा अर्थ कळेल. घोट घेतल्याबरोबर ठसका लागला का, हा पहिला प्रश्न. लागला असेल तर थोडं खाली उतरलंय असंच धरून चालायचं. मूल येतं तेव्हा बऱ्याचदा हसत-खेळत असतं. सदरा मात्र छातीपाशी भिजलेला असतो, आणि घाईत त्यावरच पांघरूण गुंडाळलेलं असतं. तो सदरा आधी उतरवायचा, अंग साबण-पाण्याने धुवायचं. नाहीतर खालची कातडी लाल होऊन सोलते आणि वाफ नाकात जात राहते. आश्चर्य म्हणजे एवढं साधं काम भल्याभल्या ठिकाणी राहून जातं.

मग कपडे काढलेल्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे धाप. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात का, श्वास सोडताना मूल कण्हतं का, हे दर तासाला बघायचं. चिमट्यावरचा आकडा घसरायच्या आधी बऱ्याचदा श्वास वाढतो, म्हणून नुसत्या चिमट्यावर भरवसा ठेवणारा माणूस उशिरा जागा होतो. मूल पेंगुळलं तर "रॉकेलची गुंगी" म्हणून सोडून द्यायचं नाही. आधी ऑक्सिजन बघायचा, मग रक्तातली साखर.

मूल आल्या आल्या छातीचा फोटो काढून "छाती साफ आहे" म्हणणं ही दुसरी चूक. डाग अर्ध्या तासातही दिसू शकतात, पण बहुतेक सहा तासांपर्यंत उमटतात. घोट घेतल्यापासून सहा तास झाले, खोकला-धाप नाही, ऑक्सिजन नीट आहे आणि तेव्हाचा फोटो साफ आहे, तर घरी सोडायचं. तुमच्या भाच्याचं हेच झालेलं दिसतं.

ज्याला धाप लागते त्याला दाखल करायचं आणि ऑक्सिजन द्यायचा. छातीत शिट्टी वाजत असेल तर श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ, तेवढ्याने नाही भागलं तर सीपॅप (मास्क किंवा नाकातल्या नळीने दाबाखाली हवा), नाहीतर व्हेंटिलेटर. पहिले दोन-तीन दिवस बिघडत जाण्याचे असतात, हे घरच्यांना आधीच सांगावं. ताप पहिल्याच दिवशी येतो, पांढऱ्या पेशीही वाढतात, पण तो रसायनाने भाजल्याचा ताप आहे, जंतूंचा नव्हे. म्हणून पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक नको. ताप दोन दिवसांनंतरही हटला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर विचार करायचा. स्टेरॉइडचा फायदा दिसलेला नाही. तरी केसपेपरवर तिन्ही एकत्र लिहिलेली दिसतात: वॉश म्हणजे पोट धुणं, अँटिबायोटिक, स्टेरॉइड. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो." पूर्वी घरोघरी उलटी करवणारं इपिकॅक हे औषध ठेवा असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००३ मध्ये ते बंद करा म्हणून जाहीर केलं. त्यांना मत बदलता आलं.

घरी काय करायचं ते यातच आलं. तोंड पुसा, कपडे बदला, मूल बसतं ठेवून न्या, तोंडाने काही देऊ नका. मिठाचं पाणी तर मुळीच नको, त्याने रक्तातलं सोडियम चढून मूल दगावू शकतं. उलटं धरून पाठीवर थापट्या मारू नका. बाटली लेबलसकट सोबत न्या.

लेबल कशाला, तर वर लिहिलेलं सगळं साध्या रॉकेलचं आहे. अनेक फवारणीची औषधं असल्याच द्रावणात विरघळवलेली असतात. वास रॉकेलसारखा, पण डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम. तिथे ॲट्रोपीन हा उतारा लागतो, आणि रॉकेल समजून वाट बघत बसणं महागात पडतं. कापूर, कार्बन टेट्राक्लोराइड, बेंझीन किंवा जड धातू मिसळलेलं द्रव भरपूर गेलं असेल तर पोट रिकामं करण्याचा विचार होतो, पण आधी श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालून. आणि थिनर हुंगून कोसळलेल्याला ॲड्रिनलिन (हृदयाला जोर देणारं इंजेक्शन) देताना दहादा विचार करावा, त्याचं हृदय भलत्याच ठोक्यांवर जायला टपलेलं असतं.

राहिली तक्रार. केसपेपर मागून घ्या. सहा तासांत श्वासाची गती आणि ऑक्सिजन दर तासाला लिहिलेला असेल तर तक्रारीला जागाच नाही. आल्याची आणि सोडल्याची अशा दोनच नोंदी असतील तर जाब जरूर विचारा, फक्त त्यात पोट धुण्याचा मुद्दा घालू नका. आणि पुढच्या दोन दिवसांत खोकला, ताप किंवा धाप सुरू झाली तर तक्रार राहू द्या, आधी पोराला परत घेऊन जा.