श्रावणात गाइडशिवाय हरिश्चंद्रगड? आधी खाली जेवण सांगा

तुमचा प्रश्न असा आहे: चौघे मित्र, पहिल्यांदाच हरिश्चंद्रगड, श्रावणात, खिरेश्वरवरून, एका दिवसात वरखाली, गाइड न घेता. मोबाइलमध्ये जीपीएस ट्रॅक उतरवून घेतलाय, आणखी काय काळजी घ्यायची?

ट्रॅक असू द्या. पण गडाकडे निघण्याआधी गावातल्या एखाद्या घरी रात्रीचं जेवण सांगा. पिठलं-भाकरी, माणसं चार, सातपर्यंत येतो. चेष्टा करत नाहीये. घरी आईला "ट्रेकला चाललोय" सांगून आलेला मुलगा आला नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळतं. ज्या बाईने तुमच्यासाठी आठ भाकऱ्या थापल्यात, तिला ते आठ वाजताच कळतं.

आमचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात आम्ही तिघं याच वाटेने गेलो होतो. टोलार खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, पुढचा रेलिंगचा कातळटप्पाही सरळ. फसवतो तो त्याच्या वरचा भाग. तिथून मंदिरापर्यंत एकामागून एक टेकाडं, सगळी एकाच साच्यातली, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. जाताना नीट गेलो. परतताना एका टेकाडाला चुकीच्या बाजूने वळसा घातला. मोबाइल काढला तर ओल्या बोटांनी स्क्रीन हलेना, शर्टाला पुसावी तर शर्टच पिळून काढण्यासारखा. तासभर कारवीच्या झुडपांतून चाललो. मग वाटेवर ताजं शेण दिसलं आणि आम्ही खूश, म्हटलं गाव आलं! गाव कसलं, गुरांची वाट होती ती.

ढोरवाट ओळखायला तेव्हापासून शिकलो. एक म्हणजे ती फुटत जाते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, सगळ्या समांतर, आणि शेवटी गवतात विरते. दुसरं, फांद्या बघायच्या. गुरं जातात तिथे कमरेपर्यंत मोकळं असतं आणि वरच्या फांद्या तुमच्या तोंडावर येतात. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं, दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, आणि (लाज वाटते सांगायला) बिस्किटांचे कागद, गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असतात. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही, तर शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथपर्यंत मागे जा. "खाली उतरत राहू, कुठेतरी निघेल" हे सह्याद्रीत चालत नाही. ओढ्याचं पाणी कड्यावरून उडी मारतं, तुम्हाला मारता येणार नाही.

आम्ही अंधार पडल्यावर एका दगडाच्या आडोशाला बसलो. एकाकडे शिट्टी होती, ती मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. धुक्यात ओरडून घसा बसतो, शिट्टी लांब जाते. साडेनवाच्या सुमारास खालून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. जेवण सांगितलं होतं ते मामा आणि त्यांचा पुतण्या. "भाकऱ्या गार झाल्या, म्हटलं पोरं गेली कुठं," एवढंच म्हणाले. खरी वाट आम्ही बसलो होतो तिथून पाच-सात मिनिटांवर होती.

बाकीचं भराभर. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्रत्येकाने प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून न्यावा. भिजून वाऱ्यात बसलात तर ऑगस्टातही दात वाजतात, आणि कुडकुडणारा माणूस निर्णय चुकीचे घेतो. जीन्स नको. टॉर्च प्रत्येकी एक, मोबाइलचा धरायचा नाही. ओढा गढूळ होऊन फुगला तर दोर लावून, हात धरून वगैरे पराक्रम करू नका, काठावर बसा. इथले ओढे उतारावरचे आणि आखूड. पाऊस थांबला की बहुधा दोन-तीन तासांत उतरतात. आधाराला कारवी धरताना आधी बघा, हिरवा चापडा (विषारी साप) फांदीवर हिरवाच दिसतो. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हालचाल कमीत कमी ठेवून दवाखान्यात न्या. ११२ सेव्ह असेलच. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर घरूनच शोधून कागदावर लिहून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही.

आणि खरं विचाराल तर पहिल्या खेपेला खिरेश्वर नकोच, पाचनईवरून जा. वाट निम्म्या वेळेची आहे आणि ती टेकाडांची भानगडही नाही. तरी खिरेश्वरच करायचं असेल तर पहाटे निघा, आणि दुपारी एकला जिथे असाल तिथून परत फिरा, कोकणकडा राहिला तरी. नळीच्या वाटेचं, म्हणजे कोकणातून चढणाऱ्या अवघड वाटेचं, नाव सध्या काढू नका.

जेवणाबाबत एक राहिलं. वर गेल्यावर बेत बदलून पाचनईला उतरलात, तर रेंज मिळाल्यावर पहिला फोन खिरेश्वरच्या त्या घरी करा, जेवणाचे पैसेही पाठवा. नाहीतर तुम्ही तिकडे एसटीत झोपलेले असाल आणि इकडे कोणीतरी बॅटरी घेऊन टोलार खिंड चढत असेल.